फोटो दिला, चेहरा नव्हे

चीनच्या पूर्वेकडच्या हांगझोऊ शहरात एक मोठे सफारी पार्क आहे. २७ एप्रिल २०१९ रोजी त्याच शहरातल्या एका विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या सहयोगी प्राध्यापकांनी स्वतःसाठी आणि पत्नीसाठी या पार्कचा वार्षिक पास घेतला. १,३६० युआन भरले, नाव आणि फोन नंबर दिला, बोटांचे ठसे दिले आणि फोटोही काढून दिला. वर्षभर हवे तेव्हा यावे, गेटवर बोट टेकवून आत जावे, असा तो व्यवहार होता. सहा महिने पुरे होत नाहीत तोच ऑक्टोबरमध्ये पार्कचा एसएमएस आला. ठशांची पद्धत बंद, यापुढे प्रवेश चेहऱ्यावरून, आणि ज्यांनी चेहऱ्याची नोंदणी केलेली नाही त्यांना नेहमीप्रमाणे आत येता येणार नाही. प्राध्यापकांनी पैसे परत मागितले, ते मिळेनात, तेव्हा २८ ऑक्टोबरला त्यांनी कोर्टात दावा लावला. चिनी वृत्तपत्रांनी या दाव्याला देशातला फेस रेकग्निशनचा पहिला खटला म्हटले. वाघ-सिंह पाहायला जायच्या पासावरून उभे राहिलेले हे प्रकरण वरवर क्षुल्लक वाटते. पण फोटो लावलेल्या ओळखपत्राचे पुढे काय होणार आहे, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे मांडणारे दुसरे प्रकरण सापडणे अवघड आहे.

खालच्या न्यायालयाचा निकाल २० नोव्हेंबर २०२० रोजी लागला. पार्कने १,०३८ युआन भरपाई द्यावी आणि पास काढताना घेतलेल्या फोटोसह चेहऱ्याची माहिती पुसून टाकावी, असा आदेश झाला. या रकमेतले ३६० युआन निव्वळ जाण्यायेण्याच्या खर्चाचे होते. दोन्ही पक्ष अपिलात गेले आणि ९ एप्रिल २०२१ रोजी वरच्या न्यायालयाने बोटांचे ठसेही पुसायला सांगितले. रक्कम किरकोळ आहे. महत्त्वाचे आहे ते वरच्या न्यायालयाचे कारण. पास काढताना फोटो घेतला गेला तेव्हा त्याचा हेतू काही वेगळा होता, आणि तोच फोटो पुढे यंत्राला चेहरा ओळखता यावा म्हणून वापरायला काढणे हे त्या हेतूच्या बाहेर जाते, असे न्यायालयाने म्हटले. फोटो पार्ककडे आधीपासून होता. तो पासधारकाने स्वतः दिलेला होता. तरीही त्याचा हा दुसरा उपयोग पार्कला परस्पर करता येत नाही. जगभरच्या थीम पार्कांत वार्षिक पासावरच्या फोटोची जागा आता चेहरा वाचणारा कॅमेरा घेऊ लागला आहे, आणि या बदलाकडे पाहताना हाच निकष लावला पाहिजे असे माझे मत आहे. फोटो दिला म्हणजे चेहरा दिला असे होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी हवी असेल तर ती नव्याने मागावी लागेल, नकार मिळाला तर तो निमूट स्वीकारावा लागेल.

मुंबईच्या लोकलचा मासिक पास वर्षानुवर्षे काढणाऱ्याला हा फरक चटकन कळेल. पासासोबत फोटोचे आयकार्ड, आयकार्डाचा नंबर पासावर. टीसी कार्ड हातात घेतो, एकदा फोटोकडे पाहतो, एकदा समोरच्याकडे पाहतो आणि कार्ड परत करतो. त्या क्षणी ओळख पटवण्याचे काम संपते. टीसीच्या डोक्यात तो चेहरा संध्याकाळपर्यंतही राहत नाही, आणि राहिला तरी तो दुसऱ्या कुणाला देता येत नाही. कॅमेरा आणि संगणक जे करतात ते निराळे आहे. ते फोटोतल्या चेहऱ्याची मापे घेतात, डोळ्यांमधले अंतर, जबड्याची ठेवण अशा खुणांवरून आकड्यांचा एक साचा तयार करतात आणि तो साठवून ठेवतात. पुढे तो साचा कुठल्याही कॅमेऱ्यातून आलेल्या चेहऱ्याशी ताडून पाहता येतो, त्या माणसाला न थांबवता, न विचारता, त्याच्या नकळत. फोटो कार्डाला चिकटलेला असतो. साचा मात्र माणसाला चिकटतो, आणि पास संपला तरी निघत नाही.

पार्कवाल्यांची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. वार्षिक पासाचा हिशेबच असा असतो की चार-पाच फेऱ्यांच्या तिकिटांइतक्या पैशांत माणसाला वर्ष मिळते. हा हिशेब एका पासामागे एकच माणूस असेल तरच बसतो. तोच पास भाऊ, मेहुणा, शेजारी असा फिरू लागला तर पार्क बुडते, किंवा प्रामाणिक पासधारकाचा दर वाढतो. म्हणून पासावर फोटो आला. पण धुवट झालेला, पाच वर्षांपूर्वीच्या केसांचा, नखाएवढा फोटो गर्दीच्या सकाळी गेटवरचा पोरगा किती बारकाईने पाहणार? म्हणून फोटो कार्डावरून उठून संगणकात गेला. पासाचा बारकोड वाचला की गेटवरच्या माणसासमोरच्या पडद्यावर मोठा फोटो उमटतो आणि तो समोरच्याशी ताडून पाहतो. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने वेगळी वाट धरली. तिथे नव्वदच्या दशकात वार्षिक पासधारकांच्या बोटांची ठेवण मोजायला सुरुवात झाली, आणि पुढे प्रवेशद्वारावर बोट टेकवणे ही सर्वच पाहुण्यांसाठी रोजची बाब झाली. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओज जपानमध्ये पासधारकांना चेहऱ्यावरून आत सोडण्याची पद्धत चांगलीच रुळलेली आहे. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये डिस्नेने मॅजिक किंग्डमच्या दारात महिनाभर चेहरा ओळखण्याची चाचणी घेतली. ती ऐच्छिक होती आणि तिच्यासाठी रांग वेगळी ठेवली होती.

या प्रवासातल्या पहिल्या दोन पायऱ्यांना माझी हरकत नाही. कार्डावरचा फोटो पडद्यावर गेला तरी पाहणारा माणूसच राहिला. फसवणूक रोखायला तेवढे पुरते, बहुतेक वेळा उत्तम पुरते. खरे वळण माणसाच्या नजरेच्या जागी यंत्राचे मोजमाप येते तिथे आहे. ते वळण घेताना पार्के जणू जुनेच काम जरा वेगाने करत आहोत अशा सुरात बोलतात. नियमावलीत एक ओळ बदलते, पासधारकाला एक एसएमएस जातो, आणि ज्या व्यवहारात त्याने फोटो दिला होता तो व्यवहारच बदलून जातो. एरवी घरमालकाने मध्येच कराराची अट बदलली तर आपण नोटीस मागतो, भाडे परत मागतो. इथे मात्र पासधारकाने रांगेत निमूट मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहावे अशी अपेक्षा असते.

या अपेक्षेला अमेरिकेतल्या एका राज्याने कायद्याने अटकाव केला आहे, आणि योगायोग असा की त्या कायद्याची सर्वांत गाजलेली परीक्षाही एका थीम पार्कच्याच पासावरून झाली. २००७ च्या अखेरीस पे बाय टच नावाची, बोटाच्या ठशावरून दुकानात पैसे भरण्याची सोय देणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिने इलिनॉय राज्यातही हा प्रयोग केला होता, आणि हजारो ग्राहकांच्या ठशांचे आता काय होणार, ते मालमत्ता म्हणून विकले जाणार का, असा प्रश्न आला. त्यातून २००८ मध्ये इलिनॉयने बायोमेट्रिक माहितीच्या खासगीपणाचा कायदा केला. ठसा किंवा चेहऱ्याचे मोजमाप घेण्याआधी लेखी सांगा, कशासाठी आणि किती काळ ठेवणार ते सांगा, लेखी संमती घ्या, आणि काम संपले की किंवा त्या व्यक्तीचा शेवटचा संबंध येऊन तीन वर्षे झाली की, यातले जे आधी येईल तेव्हा, पुसून टाका, असे त्यात आहे. याच कायद्याने साध्या फोटोला बायोमेट्रिक खुणांच्या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे फोटो आणि चेहऱ्याचे मोजमाप यांतली रेघ एका विधिमंडळाने २००८ मध्येच कागदावर ओढून ठेवली आहे. ती अवघड असल्याचे सांगत बसण्यात अर्थ नाही.

२०१४ मध्ये या राज्यातल्या गर्नी गावच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका या पार्कात चौदा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या सहलीबरोबर गेला. आईने त्याच्यासाठी सीझन पास ऑनलाइन घेतला होता. पास हातात मिळण्याआधी त्याच्या अंगठ्याचा ठसा घेतला गेला. ना आईला आधी काही कळवले गेले, ना कुणाची लेखी संमती घेतली गेली. आईने दावा लावला. पार्कचे म्हणणे साधे होते: ठसा चोरीला गेलेला नाही, त्याचा गैरवापर झालेला नाही, मग नुकसान काय झाले? २५ जानेवारी २०१९ रोजी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की वेगळे नुकसान दाखवण्याची गरज नाही. आपल्या शरीराच्या खुणांवरचा ताबा हाच तो हक्क, आणि तो न विचारता घेतला गेला हेच नुकसान. २०२१ मध्ये हा दावा ३ कोटी ६० लाख डॉलरवर मिटला. अंगठा कुठे विकला गेला नव्हता, कुणाची बँक लुटली गेली नव्हती. तरीही न्यायालयाने जे ओळखले ते मला फार मोलाचे वाटते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, कार्ड हरवले तर नवे मिळते, अंगठा आणि चेहरा मात्र माणसाला एकदाच मिळतात. त्यामुळे गळती झाल्यावर भरपाई देणारा कायदा इथे निरुपयोगी आहे. भरपाई कशाने करणार? २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून माहिती चोरीला गेली तेव्हा ५६ लाख माणसांच्या बोटांचे ठसे तिच्यात होते. त्या माणसांना आयुष्यभर तीच बोटे वापरायची आहेत. एका महासत्तेच्या सरकारला जे सांभाळता आले नाही ते झोपाळे आणि पाळणे चालवणारी कंपनी सांभाळेल, असा भरवसा कोणत्या आधारावर ठेवायचा?

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे आपण रोज मोबाइल चेहऱ्यानेच उघडतो, मग पार्कच्या दारात एवढी चर्चा कशाला. तुलना ऐकायला पटते, पण तिच्यात मुख्य गोष्ट निसटते. आयफोनमध्ये चेहऱ्याचा साचा त्या फोनच्याच एका बंदिस्त चिपमध्ये राहतो, कंपनीकडेही जात नाही. साचा मालकाच्या खिशात असतो आणि फोन फेकला की साचाही गेला. पार्कच्या दारात उलट असते. साचा पार्ककडे, किंवा पार्कने नेमलेल्या तिसऱ्याच कंपनीच्या संगणकावर, आणि लाखो पासधारकांचे साचे एकाच ढिगात. सीसीटीव्हीचे उदाहरणही असेच दिले जाते. सीसीटीव्ही काय घडले ते दाखवतो. तिथे कोण होते हे नावानिशी सांगायला त्याला कुणीतरी आधी नावांची आणि चेहऱ्यांची यादी पुरवावी लागते. वार्षिक पासाची नोंदणी ही नेमकी तशीच यादी आहे: नाव, पत्ता, फोन, कुटुंबातली माणसे, आणि आता प्रत्येकाच्या चेहऱ्याचा साचा.

अशी यादी हाताशी आली की तिचा वापर ठरलेल्या कामापुरता राहत नाही, याचा दाखला करमणुकीच्या धंद्यातूनच देता येतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या मालक कंपनीने आपल्या सभागृहांत सुरक्षेच्या कारणाने चेहरा ओळखणारी यंत्रणा बसवली. पुढे कंपनीने ठरवले की आपल्याविरुद्ध दावे चालवणाऱ्या वकिली फर्ममधल्या कुणाही वकिलाला आत सोडायचे नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुलीच्या स्काउट पथकासोबत रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये नाताळचा कार्यक्रम पाहायला आलेल्या एका वकील बाईंना यंत्राने टिपले आणि दारातून परत पाठवले. त्या स्वतः त्या दाव्यात नव्हत्या. त्यांची फर्म होती, एवढे पुरले. इथे यंत्र चुकले नव्हते, हे लक्षात घ्यावे. त्याने चेहरा अचूक ओळखला. धोका यंत्राच्या बिनचूकपणातच होता, कारण गेटवर उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाला शेकडो वकिलांचे चेहरे पाठ असणे शक्य नव्हते. माणसाच्या नजरेची जी मर्यादा पार्कवाल्यांना अडचण वाटते, तीच आजवर आपले संरक्षण करत आली आहे. कंपनीशी भांडण असलेला ग्राहक, परतावा मागणारा, वाईट परीक्षण लिहिणारा, संपावर गेलेला माजी कर्मचारी, यांना दारातच ओळखून वेगळे काढण्याची सोय एकदा हाती आली की ती न वापरण्याचा संयम कुठल्या व्यापाऱ्याने दाखवावा, हे त्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

यंत्र चुकते तेव्हा काय होते याचाही विचार करावा लागतो, कारण थीम पार्क ही मुख्यतः मुलांची जागा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके संस्थेने, म्हणजे निस्टने, डिसेंबर २०१९ मध्ये १८९ अल्गोरिदमांची तपासणी प्रसिद्ध केली. भलत्याच माणसाला खरा मानण्याच्या चुकांचे प्रमाण अनेक अल्गोरिदमांत वंश आणि देशानुसार दहापट ते शंभरपट बदलत होते, आणि मुले व वृद्ध यांच्या बाबतीत ते वाढलेले होते. त्यानंतर तंत्र सुधारले आहे, हे खरे. पण लहान मुलाचा चेहरा वर्षभरात बदलतो, हे कुठल्याही तंत्राने बदलणार नाही. गेटवरचा माणूस दात पडलेल्या सात वर्षांच्या मुलाला आईसोबत पाहतो आणि हसून आत सोडतो. यंत्राला ती आई दिसत नाही. ते पुन्हा नोंदणी करा म्हणते, नवा फोटो, नवा साचा. असे करत मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या चेहऱ्याची वाढ टप्प्याटप्प्याने नोंदवलेली एक मालिका एका खासगी कंपनीकडे जमा झालेली असते, आणि त्या मुलाला यातले काहीही कुणी विचारलेले नसते.

रांगेचा मुद्दा मला सर्वांत दुबळा वाटतो, पण लोकांना तोच सर्वांत आवडतो, म्हणून त्याला बगल देता येत नाही. उन्हात पोरे कडेवर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला चार सेकंदांत आत सोडणारे दार हवेसे वाटणारच. ज्याला ते हवे त्याने खुशाल निवडावे. बंदी घाला असे मी म्हणत नाही. मात्र निवड तेव्हाच खरी असते जेव्हा दुसरी रांगही तेवढ्याच मानाने चालू असते. डिस्ने वर्ल्डमध्ये बोट टेकवायचे नसेल तर फोटो असलेले ओळखपत्र दाखवून आत जाता येते. म्हणजे एवढ्या प्रचंड गर्दीच्या ठिकाणीही माणसाने माणसाचे कार्ड पाहणे जमते. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्को लेझर या कंपनीला ३८ क्रीडा-करमणूक केंद्रांतल्या दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची चेहऱ्यावरून आणि ठशांवरून घेतली जाणारी हजेरी थांबवायला लावली. साध्या ओळखपत्राने किंवा चावीसारख्या फॉबने भागत असताना शरीराच्या खुणा मागण्याचे कारण कंपनीला पटवून देता आले नाही. आणि ज्या चीनमध्ये चौकाचौकात कॅमेरे आहेत, तिथेही १ जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार दुसरा मार्ग उपलब्ध असताना चेहरा हाच ओळख पटवण्याचा एकमेव मार्ग ठेवता येत नाही. हांगझोऊच्या त्या एसएमएसनंतर सहा वर्षांच्या आत तिथला नियम इथवर आला. तिथे हे होऊ शकते तर इतरत्र अशक्य का मानायचे?

कुणी म्हणेल, थीम पार्क म्हणजे काही रेशनचे दुकान नव्हे. अट पटत नसेल तर जाऊ नका. नव्या ग्राहकापुरते या म्हणण्यात तथ्य आहे. पैसे आधी भरून झालेल्याला ते लागू होत नाही, आणि हांगझोऊचा सगळा वाद पैसे भरलेल्यांचाच होता. पण त्याहून मोठी अडचण अशी की सवय करमणुकीच्या दारातच लागते. तिथे माणूस हसत, सैल मनाने येतो, नियम वाचत नाही, मुले पुढे ओढत असतात. तिथे चेहरा देण्याची एकदा सवय झाली की शाळा, सोसायटीचे गेट, दवाखाना, कारखाना यांच्या दारात तोच प्रश्न विचारावासा वाटत नाही. आपल्याकडे मात्र हा क्रम सरकारी आणि विमानतळाच्या दारापासून सुरू झाला आहे. चेहऱ्यावरून प्रवेश देणारी डिजियात्रा डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीच्या विमानतळांवर सुरू झाली आणि वर्षभरात मुंबई-पुण्यात आली. ती कागदोपत्री ऐच्छिक आहे. २०२५ मध्ये मंत्रालयाच्या दारातही चेहरा वाचणारे कॅमेरे बसले. अशा वातावरणात एखाद्या खासगी पार्कने तेच केले तर ते कुणाला खटकणारही नाही, आणि म्हणूनच आत्ता बोलायला हवे.

आपल्या हातात काय आहे ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायची आहेत. या कायद्यानुसार संमती मोकळी, विशिष्ट, समजून दिलेली आणि बिनशर्त असली पाहिजे, आणि ती ठरलेल्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. संमती काढून घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. हेतू संपला की माहिती पुसायची. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी. आणि एक तरतूद मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी: संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांमध्ये वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या यादीत मराठी आहे. खोपोलीजवळच्या पार्कात सोलापूरहून आलेल्या आजींना आपल्या नातवाच्या चेहऱ्याचे काय होणार हे मराठीत वाचायला मागण्याचा हक्क असेल. कायद्याच्या या शब्दांत हांगझोऊचा निकाल जवळपास सामावलेला आहे. पास काढताना दिलेला फोटो ओळख पटवण्यापुरता होता, साचा बनवण्यासाठी नव्हता, असे म्हणायला पुरेसा आधार इथे मिळतो.

तरी दोन भगदाडे आहेत आणि ती झाकून ठेवणे बरोबर नाही. पहिले म्हणजे आधीच्या मसुद्यात असलेला संवेदनशील माहितीचा वेगळा वर्ग अंतिम कायद्यातून गेला. त्यामुळे चेहऱ्याचा साचा आणि फोन नंबर कायद्याच्या नजरेत एकाच पंक्तीला बसतात. दुसरे अधिक बोचणारे आहे. सुरक्षिततेत कसूर केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या मोडल्यास २०० कोटींपर्यंत, पण हा पैसा सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा चेहरा गेला त्याच्या हाती काही येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३अ हे कलम अशा माणसाला भरपाई मागू देते. नवा कायदा पूर्ण लागू झाला की तेही रद्द होते. इलिनॉयमध्ये कायदा निष्काळजीपणासाठी एक हजार आणि जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी पाच हजार डॉलर थेट त्या माणसाला देऊ करतो. म्हणून तिथे एका आईला दावा लावणे परवडले, आणि म्हणून तिथल्या कंपन्या गेटवर कॅमेरा लावण्याआधी वकिलाला विचारतात.

हांगझोऊच्या प्राध्यापकांनी आणखी एक मागणी केली होती. पार्कने ठसे आणि चेहऱ्याबाबत लावलेल्या सूचनाच अवैध ठरवाव्यात. ती न्यायालयाने मान्य केली नाही. आदेश झाला तो त्यांच्या स्वतःच्या फोटोपुरता आणि ठशांपुरता. त्याच पार्कचा पास घेतलेल्या बाकीच्यांचे चेहरे त्या निकालाने पुसले गेले नाहीत. आपल्याकडे यावर एक वाट मोकळी आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकावर अवाजवी अट लादणाऱ्या करारांना अनुचित करार म्हणतो, त्यांविरुद्धची तक्रार राज्य आयोगापुढे नेता येते, आणि एकाच प्रकारचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने एक जण सर्वांच्या वतीने उभा राहू शकतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी बिल्डरांचे करार वाचायला लोकांना शिकवले. वार्षिक पासाच्या मागच्या बारीक अक्षरांतला करारही त्यांनी आता हाती घ्यावा. मे २०२७ ची वाट पाहण्याआधी राज्यातल्या प्रत्येक पार्काला तीन प्रश्न लेखी विचारता येतील: पासाच्या फोटोचा साचा बनवता का, बनवत असाल तर तो कुणाच्या संगणकावर आहे, आणि पास संपल्यावर कोणत्या तारखेला पुसता. उत्तर मराठीत मागावे.